उजवा हात, डावा हात : अर्धांगवायूनंतरच्या ताठरतेचा इतिहास

१/ जुलै १८८८, पुणे. ज्या हाताने 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले, तो हात एकाएकी लुळा पडला. जोतीराव फुले यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू निकामी झाली. दोनच महिन्यांपूर्वी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईतील जाहीर सत्कारात लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण केली होती.

२/ पुढची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले आणि त्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' सिद्ध झाले. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रकाशित झाले. डाव्या हाताची ही कथा सर्वजण सांगतात. झटका आलेल्या उजव्या हाताचे पुढे काय होते, तो ताठ का होतो आणि तो पुन्हा उघडावा म्हणून माणसाने काय काय केले, हा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. हा धागा त्या उजव्या हाताविषयी आहे.

३/ या धाग्यात दुसरे एक गाव वारंवार येईल : फुलंब्री. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून २५-३० किलोमीटरवरचे. १८८८ मध्ये ते निजामाच्या राज्यात होते. औरंगाबादला रेल्वे पोहोचली तीच १९०० च्या सुमारास. पुण्यात जोतीरावांवर उपचार करायला डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखे नामांकित शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक सहकारी होते. त्याच वर्षी फुलंब्रीतील एखाद्या शेतकऱ्याला झटका आला असता, तर त्याच्या हाताची नोंद कोणत्याही चरित्रात झाली नसती.

४/ आधी आजार समजून घेऊ. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा भाग मरतो. मेंदूतून निघणारे हालचालीचे बहुतेक तंतू मानेच्या वर, लंबमज्जेत, बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवे अंग जाते. 'अर्धांगवायू' या शब्दात हे निरीक्षण नेमके उतरले आहे : संपूर्ण नव्हे, उभे अर्धे अंग.

५/ प्रारंभी ते अंग लुळे असते. हात उचलून सोडला तर पडतो. त्यानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी अनेक रुग्णांत चित्र पालटते. लुळा हात ताठ होऊ लागतो. खांदा अंगाशी आवळला जातो, कोपर वाकतो, मनगट खाली वळते, मूठ मिटते आणि अंगठा तळव्यात अडकतो. पाय याउलट सरळ ताठतो, पाऊल आत वळते आणि चालताना पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवावा लागतो. या ताठरतेला वैद्यकात 'स्पॅस्टिसिटी' म्हणतात.

६/ घरच्यांना हा बदल अनेकदा सुधारणा वाटतो. 'हातात जोर आला' असे म्हटले जाते. परंतु हा जोर रुग्णाच्या इच्छेतला नसतो. मूठ घट्ट मिटते, पण सांगून उघडत नाही. तळव्यात घाम साचतो, नखे रुततात, सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही. महिनोन्महिने असेच राहिले तर स्नायू आणि कंडरा आखूड होतात, सांधा त्याच जागी धरतो आणि मग औषधानेही तो सुटत नाही.

७/ हे चित्र जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेले नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ वा अध्याय वातव्याधींचा आहे. तेथे पक्षाघाताच्या वर्णनात शिरा आणि स्नायू सुकणे, हात किंवा पाय आखडणे आणि वेदना होणे यांचा उल्लेख येतो. उपचार म्हणून तेलतुपासह शेक आणि विरेचन सांगितले आहे. कारणमीमांसा वाताची होती, पण लुळेपणा आणि आखडणे या दोन्ही गोष्टी तेथे टिपलेल्या आहेत.

८/ निजामाच्या राज्यात वैद्यांबरोबर हकीमही होते. युनानी परंपरेत अर्धांगवायूला 'फालिज' म्हणतात, तर 'लकवा' हा मूळ अरबी शब्द तोंड वाकडे होण्यापुरता आहे. मराठी आणि हिंदीत येता येता 'लकवा' साऱ्या अंगाला लागू झाला. मराठवाड्यात आजही 'वारं गेलं' म्हणणारा वैद्याच्या वाताची भाषा बोलतो आणि 'लकवा मारला' म्हणणारा हकिमाची. दोघांच्याही उपचारात तेल, शेक आणि चोळणारा हात होता.

९/ त्या हाताला कमी लेखण्याचे कारण नाही. रोज कोणीतरी सांधे हलवत असेल तर ते धरण्याची शक्यता घटते. पण धोकेही होते आणि आहेत. संवेदना गेलेल्या कातडीवर गरम शेकाने भाजले तरी रुग्णाला कळत नाही. लुळ्या खांद्याला धरून ओढले तर सांधा निखळतो. कबुतराच्या रक्ताने चोळण्यासारखे उपाय अजूनही सांगितले जातात. त्यांचा काहीही उपयोग नाही आणि त्यात पहिले मोलाचे आठवडे निघून जातात.

१०/ मग पुण्यातील आधुनिक वैद्यकाकडे १८८८ मध्ये काय होते? उत्तर निराश करणारे आहे. हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोच्ची यांचे साधन १८९६ चे. मेंदूचे सीटी स्कॅन १९७० च्या दशकातले. युरोपातील डॉक्टर विश्रांती, रेचके आणि स्नायूंना विजेचे सौम्य झटके देत असत. पॅरिसमध्ये शार्को ताठर अंगांची बारकाईने वर्णने करत होते, पण ताठरता का येते याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

११/ म्हणजे जगातील सर्वोत्तम रुग्णालयातही त्या वर्षी जोतीरावांचा उजवा हात परत आणण्याचा उपाय नव्हता. अशा वेळी डाव्या हाताला लेखणी शिकवणे, हा त्या काळातील सर्वांत परिणामकारक उपचार ठरतो. मात्र तो हाताचा उपचार नव्हता, लिहिणाऱ्याचा होता. वयाच्या साठीनंतर अक्षर पुन्हा गिरवणे ही काय कसोटी असते, हे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने एक ओळ डाव्या हाताने लिहून पाहावी.

१२/ या आजाराची दुसरी बाजू पैशाची असते आणि तीही येथे दिसते. आजारपणाच्या काळात फुले कुटुंबाची ओढाताण झाली. मामा परमानंद यांनी १८९० मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून जोतीरावांसाठी साहाय्य मागितले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. झटका एका क्षणाचा असतो, त्यानंतरची शुश्रूषा वर्षानुवर्षांची असते आणि तिचा भार घर उचलते.

१३/ ताठरतेचे कोडे सुटण्यास प्रारंभ झाला तो त्यानंतर आठ वर्षांनी. १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांजरांवरील प्रयोगांत मेंदूचा वरचा भाग मज्जारज्जूपासून तोडला. अपेक्षा लुळेपणाची असावी, पण पाय खांबासारखे ताठ झाले. पुढे त्यांनी त्या पायातून मज्जारज्जूकडे येणारे संवेदनेचे तंतू कापले आणि ताठरपणा गेला.

१४/ याचा अर्थ मोठा होता. स्नायू ताणला गेला की त्यातील सूक्ष्म संवेदक मज्जारज्जूला कळवतात आणि मज्जारज्जू तत्क्षणी 'आकुंचन पाव' असा उलट आदेश देते. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो यामुळेच. निरोगी माणसात मेंदू या क्रियेला लगाम घालून ठेवतो. झटक्यात तो लगाम तुटतो. ताठ हात म्हणजे शक्ती परतलेला हात नव्हे, तो लगाम सुटलेला हात असतो. शेरिंग्टन यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१५/ १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी ताठरतेची आज सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या दिली. तिचा गाभा असा : स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका तो अधिक विरोध करतो. ही व्याख्या पुस्तकापुरती नाही. मिटलेली मूठ हिसक्याने उघडू गेल्यास ती आणखी आवळते, सावकाश उघडल्यास सैल पडते. फुलंब्रीतील एखाद्या घरात रोज हात उघडणाऱ्या सुनेला किंवा मुलाला हे एक वाक्य कळले तरी बराच फरक पडतो.

१६/ ताठरता मोजण्याची पद्धतही तितकीच साधी राहिली. ब्रिटनमधील ब्रायन अ‍ॅशवर्थ यांनी १९६४ मध्ये एक मोजपट्टी मांडली. तपासणाऱ्याने रुग्णाचा सांधा हलवायचा आणि किती विरोध जाणवतो त्यावरून ० ते ४ अंक द्यायचे. १९८७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि आजही जगभर तीच वापरात आहे. तिला यंत्र लागत नाही. शिकलेला हात लागतो.

१७/ असे शिकलेले हात भारतात कोठून आले? येथे कथा मुंबईला येते आणि तिचे मूळ अर्धांगवायूत नाही, पोलिओत आहे. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांना डॉक्टरच्या गोळीपेक्षा दररोज व्यायाम करवून घेणारी माणसे हवी होती आणि अशी माणसे देशात जवळजवळ नव्हती.

१८/ १९५० च्या दशकाच्या प्रारंभी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. ते भारतातील पहिले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

१९/ त्याआधीच, १९५० मध्ये, के.ई.एम. रुग्णालयातच ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातील पहिले विद्यालय सुरू झाले होते. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन. मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० मध्ये भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून परतल्या. फलटणमधील 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची.

२०/ ऑक्युपेशनल थेरपीचा दृष्टिकोन वेगळा आहे. 'कोपर किती अंशात उघडतो?' या प्रश्नाबरोबर ती 'या हाताने तुम्हांला काय करायचे आहे?' असे विचारते. भाकरी थापायची, लुगडे नेसायचे, विळा धरायचा, कापूस वेचायचा. जे काम परत हवे तेच व्यायाम बनते. १९५२ मध्ये या उपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता.

२१/ तथापि एक अडचण होती. पोलिओचा पाय लुळा असतो, झटक्याचा हात ताठ. एकाचे औषध दुसऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाही. ताठ अंगासाठीची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये आकारास आली. नाझी राजवटीतून निसटून आलेल्या व्यायामशिक्षिका बर्टा बोबाथ यांच्याकडे एक रुग्ण आला : सायमन एल्विस, राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढणारा चित्रकार. झटक्याने त्याची उजवी बाजू गेली होती.

२२/ बर्टा यांच्या लक्षात आले की ताठ हाताला बळाने सरळ करण्यापेक्षा धड, खांदा आणि बसण्याची ठेवण बदलली तर हात सैल पडतो. पती डॉ. कारेल बोबाथ यांच्यासह त्यांनी यातून एक संपूर्ण पद्धत उभी केली आणि ती जगभर शिकवली गेली. अलीकडच्या चाचण्यांत ही पद्धत इतरांहून सरस ठरलेली नाही. पण 'ताठ अंगही शिकू शकते' हा विश्वास तिने रुजवला. योगायोग असा की एल्विसही पुढे डाव्या हाताने चित्रे काढू लागला.

२३/ औषधांचा इतिहास अपघातांचा आहे. १९६२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीत हाइनरिश केबर्ले यांनी बॅक्लोफेन तयार केले ते अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी. तेथे ते फारसे उपयोगी ठरले नाही, पण स्नायूंचा ताण उतरतो असे दिसले. आज ताठरतेसाठी ही गोळी सर्रास दिली जाते. तिने गुंगी आणि अशक्तपणा येऊ शकतो, आणि ती मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. गोळी साऱ्या अंगाला सैल करते, एका मुठीला नव्हे.

२४/ एकाच मुठीला सैल करणारे औषध एका विषातून आले. १८२० च्या सुमारास जर्मनीतील वुर्टेम्बर्गमध्ये बिघडलेल्या सॉसेजमधून विषबाधा होऊन माणसे पांगळी होऊन मरत. युस्टिनुस केर्नर या तरुण वैद्याने त्यांची नोंद केली आणि स्नायूंचा अतिरेकी उद्रेक शमवण्यासाठी या विषाचा अल्प अंश वापरता येईल, असा तर्क मांडला. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात अंत्ययात्रेच्या जेवणातून झालेल्या विषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधला.

२५/ केर्नरचा तर्क खरा ठरायला दीडशे वर्षे लागली. १९७०-८० च्या दशकांत सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर बोट्युलिनम विषाची अतिसूक्ष्म मात्रा वापरली आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये झटक्यानंतरच्या ताठ हातावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. हाताच्या ताठरतेसाठी अमेरिकेतील औपचारिक मान्यता मात्र २०१० ची. लोक ज्याला 'बोटॉक्स' म्हणून सुरकुत्यांसाठी ओळखतात, तेच हे औषध.

२६/ हे इंजेक्शन काय करते हे नीट समजले पाहिजे. ते मज्जातंतूचा आदेश स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. मूठ सैल होते, तळवा धुता येतो, बाहीत हात जातो, वेदना कमी होतात. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. पण सैल झालेला हात आपोआप काम करू लागत नाही. इंजेक्शन फक्त एक मुदत मिळवून देते. त्या मुदतीत रोजचा सराव झाला तर लाभ पदरात पडतो, नाहीतर महाग औषध उतरते आणि मूठ पुन्हा मिटते.

२७/ झटक्यानंतर सर्वच अंगे ताठत नाहीत. काहींत उलट अनावर हालचाली सुरू होतात. हात भिरकावल्यासारखा उडतो, बोटे वळवळतात, हात कापतो किंवा पिळवटतो. १८७४ मध्ये अमेरिकेत सायलस वेअर मिचेल यांनी अर्धांगानंतरच्या अशा हालचालींचे वर्णन केले. १९२७ मध्ये लंडनच्या पर्डन मार्टिन यांनी अंग भिरकावण्याचा संबंध मेंदूच्या खोल भागातील, जेमतेम द्विदल कडधान्याच्या दाण्याएवढ्या केंद्राशी जोडला.

२८/ अशा रुग्णाला गावात 'बाहेरची बाधा' मानले जाणे अवघड नाही. प्रत्यक्षात अंग भिरकावण्याचा प्रकार अनेकदा काही आठवड्यांत ओसरतो आणि औषधांनी आटोक्यात येतो. कंप किंवा पिळवटणे मात्र काही वेळा झटक्यानंतर महिन्यांनी सुरू होते, तेव्हा घरच्यांना दोन्हींचा संबंधही लागत नाही. फार वाढलेल्या मधुमेहातही झटक्याविना एका बाजूची अशी वळवळ होऊ शकते. म्हणून मांत्रिकाआधी रक्तातील साखर तपासणे शहाणपणाचे.

२९/ आता पुन्हा डाव्या हाताकडे. अमेरिकी संशोधक एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताची संवेदना तोडली असता माकडांनी तो हात वापरणेच सोडले. पण चांगला हात बांधला की तोच 'निकामी' हात कामाला लागला. म्हणजे काही अंशी हात न वापरणे ही शिकलेली सवय होती. या माकडांच्या स्थितीवरून १९८१ मध्ये सिल्व्हर स्प्रिंग येथे मोठे प्रकरण उभे राहिले आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या हक्कांची चळवळ अमेरिकेत त्यातून बळावली. या ज्ञानाची ही किंमतही इतिहासात नोंदवली पाहिजे.

३०/ टॉब यांनी त्यातून माणसांसाठी उपचार बेतला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, दुखऱ्या हाताकडूनच कामे करून घ्यायची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत हा उपचार लाभदायक ठरला. अट एकच : त्या हाताच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल उरलेली असावी.

३१/ येथे इतिहास एक पेच टाकतो. ज्या डाव्या हाताचे आपण कौतुक करतो, त्यालाच आजचा उपचारक काही काळ बांधून ठेवील. मग जोतीरावांनी केले ते चुकीचे होते का? नाही. १८८८ मध्ये उजव्या हाताला देण्यासारखे कोणाकडे काही नव्हते, आणि त्यांच्यापुढचे काम हात बरा करण्याचे नव्हते, ग्रंथ पुरा करण्याचे होते. चूक तेव्हा होते जेव्हा उपचार उपलब्ध असताना आपण आजच्या रुग्णालाही 'डाव्या हाताने भागव' एवढेच सांगतो. एका माणसाची जिद्द ही सर्वांसाठीची आरोग्यव्यवस्था होऊ शकत नाही.

३२/ फुलंब्रीचे काय झाले? १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि फुलंब्रीहून शहर त्या वेळेत गाठता येते. १८८८ च्या बैलगाडीच्या मानाने हे अंतर फार मिटले आहे.

३३/ पण ताठरतेचे अंतर निराळे असते. झटक्याच्या दिवशी शहरात एकदा पोहोचावे लागते, ताठ हातासाठी आठवड्यातून अनेकदा, कित्येक महिने. प्रत्येक खेपेला सोबत एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे. मका, कापूस आणि आल्याच्या या पट्ट्यात हात हीच मिळकत आहे. कापूस वेचायला बोटे उघडावी लागतात, आणि नेमकी तीच हालचाल सर्वांत शेवटी परतते, किंवा परततच नाही.

३४/ मग घरच्यांनाच शिकवून टाकले तर? हा विचार भारतात गांभीर्याने तपासला गेला. १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांच्या 'अटेंड' या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णालयात थोडे प्रशिक्षण देऊन कुटुंबावर पुनर्वसन सोपवले असता नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण सारखेच होते. घरच्यांची माया कमी पडली असा याचा अर्थ नव्हे. शिकलेल्या माणसाच्या वेळेला ती पर्याय ठरत नाही, एवढाच.

३५/ साऱ्या इतिहासावर नजर टाकली तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. शेरिंग्टनने कारण दिले, बॅक्लोफेनने ताण उतरवला, केर्नरच्या विषाने मूठ सैल केली, टॉबने सवय मोडण्याची युक्ती दिली. पण प्रत्येक शोधाच्या शेवटी रुग्णाजवळ रोज बसणारा एक प्रशिक्षित माणूस लागतोच. कमलाबाई निंबकर आणि फातिमा इस्माईल यांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी ओळखले ते हेच : औषध विकत आणता येते, अशी माणसे घडवावी लागतात.

३६/ म्हणून एखाद्या गावापर्यंत हा उपचार पोहोचला का, हे तिथल्या औषधांच्या दुकानात कळणार नाही. मिटलेली मूठ सावकाश उघडायला शिकवणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, हे पाहावे लागेल. परळमध्ये ही सुरुवात १९५० मध्ये झाली. परळ आणि फुलंब्री यांच्यामधले ते अंतर अजून पुरते मिटलेले नाही.

३७/ जोतीरावांच्या डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ आज कोणालाही वाचता येतो. फुलंब्रीच्या वाटेवरील अगणित उजव्या हातांनी काही लिहून ठेवले नाही. ज्यांच्या घरात असा एखादा मिटलेला हात आहे त्यांच्यासाठी इतकेच : तो आळशी नाही, हट्टी नाही आणि त्यात वारेही शिरलेले नाही. त्याचा लगाम तुटला आहे. तो सावकाश, रोज आणि जाणत्या माणसाला विचारून उघडावा.

(धागा समाप्त)